दोन्ही ब्रेक डाव्या हाताला

९ जानेवारी

छोट्या,

तुझं पत्र आणि दोन फोटो मिळाले. पहिला फोटो पाहून वाटलं, धाकटीने चुकून कुठल्या सर्कशीतला फोटो पाकिटात घातला. मग कान ओळखले. आपल्या घरात ते कान तुलाच मिळालेत.

दातांचा डॉक्टर, पन्नाशी उलटलेला, पोट आत ओढून, अंगाला चिकटलेल्या पिवळ्याजांभळ्या कपड्यांत सायकलीला हात लावून उभा! सायकल तुझ्यापेक्षा बारीक आहे, एवढंच तिच्याबद्दल चांगलं बोलता येईल. हे कापड मी ओळखते. माझ्या लाँड्रीत असले कपडे येतात. गरम पाणी चालत नाही, इस्त्री चालत नाही, पिळायचं नाही, आणि इतके लाड करूनही घामाचा वास जात नाही. बसायच्या जागी गादी शिवलेली असते. ज्या खेळासाठी पार्श्वभागाला गादी शिवून घ्यावी लागते तो खेळ माणसाच्या शरीराला मंजूर नाही, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

दुसऱ्या फोटोत तुझी पाठ आहे. पाठीवर कुणा वकिलाचं नाव आणि ऑफिसचा पत्ता छापलाय. म्हणजे जाहिरातीची पाटी झालास, तीही चाकांवरची.

रविवारी सकाळी तुझ्या दवाखान्यात बसायला जागा नसायची. गाल धरून आलेल्या माणसांना आता काय सांगतोस? डॉक्टर हवा खायला गेलेत?

आणि पत्र धाकटीच्या अक्षरात का? बायकोला कारकून केलंस? दोन ओळी खरडायलाही सायकलवरून उतरवत नाही का तुला? फोन मात्र करू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं, उरलेलं मी मनाने भरते आणि मग भांडण होतं. पत्रातून भांडण नीट होतं.

ताई


२१ जानेवारी

ताई,

धाकटीच्याच अक्षरात लिहितोय. चष्म्याचा नंबर बदललाय. तिला हे लिहून घेताना हसू आवरत नाहीये, ते तुझ्या पत्राचं की माझ्या फोटोचं, सांगत नाही.

तुझा जन्मातला व्यायाम म्हणजे काउंटरमागच्या खुर्चीवरून उठायचं आणि नोकरांवर ओरडून परत बसायचं. तू काय मला शरीराच्या गोष्टी शिकवणार? तुझे गुडघे जिन्याआधी कुरकुरतात.

तुला नाही कळायचं, तरी सांगतो. आदल्या दिवशी चेन पुसायची, कडी कडी बघून तेल द्यायचं, जास्तीचं तेल फडक्याने टिपायचं. टायरात हवा नेमकी भरायची. कमी झाली तर रस्ता चिकटतो, जास्त झाली तर दात वाजतात. मग उजाडताना निघालं की रस्ता चाकाखाली गुणगुणतो. पाठीशी वारा असला की वाटतं, आपण केवढे पट्टीचे. परतताना तोच वारा छातीवर येऊन बसतो आणि सगळी मिजास उतरवतो. चढ चढून गेल्यावर टपरीवरचा कोमट चहासुद्धा अमृत लागतो. आणि हो, त्या गादीच्या चड्डीत आतून दुसरं काही घालायचं नसतं. हे धाकटीला सांगायला मला आठवडा लागला.

आम्ही सहाजण आहोत. चाकाला चाक लावून एकामागे एक जातो. पुढचा वारा फोडतो, मागच्यांना सुख होतं. वकील आमचा कप्तान. माणूस कडक. कुणासाठी थांबायचं नाही हा त्याचा नियम, आणि मला तो पटतो. तो मला फार मानतो.

दवाखान्याचं मी बघून घेईन. रविवार आता बंद आहे.

छोट्या


१५ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

आपली ओळख नाही. आपला पत्ता मला माझ्या भावाच्या पाठीवर सापडला.

मी त्याची थोरली बहीण. गेल्या रविवारी तो कुणाच्या तरी टेम्पोत बसून घरी आला. गुडघा फुटलेला, हनुवटी सोललेली. हे मला त्याने नाही, त्याच्या बायकोने कळवलं. तुमच्या टोळीतला एकजणही सोबत नव्हता. कुणासाठी थांबायचं नाही असा तुमचा नियम आहे म्हणे. वेळ वाचवून तुम्ही त्याचं काय करता, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. पहाटे उठायचं, घाम गाळायचा, जीव तोडून घाट चढायचा आणि वर जाऊन चहा पिऊन परत यायचं. एवढ्यासाठी एक माणूस रस्त्याच्या कडेला सोडून जायची घाई होते?

माझ्या दुकानात रोज पोतंभर कपडे येतात. त्यावरून सांगते, ज्याच्या कपड्यावर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव असतं, त्याला आपलं नाव लोकांच्या लक्षात राहील याची खात्री नसते.

माझ्या भावाला तुमच्या क्लबातून काढा. तो स्वतः निघणार नाही. लहानपणापासून त्याला माणसं ओळखता येत नाहीत.

त्याची बहीण


२४ फेब्रुवारी

सन्माननीय बाई,

आपलं पत्र माझ्या अशिलांसमोर उघडलं गेलं, त्यामुळे करमणूक सर्वांचीच झाली.

आपली मागणी आनंदाने मान्य आहे. खरं तर आम्हीच गेले काही महिने आपल्या बंधूंपासून सुटका कशी करून घ्यावी या विचारात आहोत. आमचा क्लब धर्मशाळा नाही. आम्ही एका वेगाने जातो. आपले बंधू प्रत्येक चढावर मागे राहतात. आम्ही त्यांना 'शेपूट' म्हणतो. तेही हसतात, यावरून त्यांच्या स्वाभिमानाची कल्पना यावी.

मागे राहणं एक वेळ चालेल, पण पडणं आणि दुसऱ्याला पाडणं चालणार नाही. त्या रविवारी कुत्रं आडवं आलं, मी हात वर करून इशारा दिला, सगळ्यांनी ब्रेक दाबले. आपल्या बंधूंनी दाबले नाहीत, किंवा सावकाश आठवण आल्यावर दाबले. ते माझ्या मागच्या चाकावर आदळले. माझा कोपर सोलवटला. माझी सायकल दुरुस्तीला आहे. एवढं होऊन मी त्यांच्या गुडघ्यावर फुंकर घालत बसायला हवं होतं काय?

आता स्पष्टच लिहितो. सकाळी सकाळी ज्याच्या हातातला चहाचा कप बशीत वाजतो, त्याच्याविषयी समजायचं ते आम्ही समजलो आहोत. चालता दवाखाना कुलूप लावून बंद का झाला, हेही गावाला कळतं. बाटली सोडवायची असेल तर त्याची वेगळी ठिकाणं असतात. सायकल क्लब हे ते ठिकाण नव्हे.

आपला,
कप्तान


१ मार्च

छोट्या,

वकिलाचं पत्र सोबत जोडलंय. वाच.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. दवाखान्याला कुलूप आहे का? आणि तू पितोस का?

स्वतःच्या हाताने लिही. धाकटीला मध्ये घालू नकोस. तिने तुला वाचवायचा प्रयत्न केला तर तिच्यावरचा माझा विश्वासही जाईल.

ताई


९ मार्च

ताई,

स्वतःच्या हाताने लिहितोय. ओळ सुरू होते तेव्हा अक्षर माझं असतं, ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं. भिंग घेऊन वाच. तुला कुणी विचारलं होतं त्या माणसाला पत्र लिहायला? कुणी विचारलं होतं?

पीत नाही. पीत असतो तर बरं झालं असतं, सोडता तरी आली असती.

कंपवात आहे. गेल्या वर्षी कळलं. उजवा हात. नुसता मांडीवर ठेवला की थरथरतो, काही घट्ट धरलं की गप्प बसतो. पण बोटांना हुकूम उशिरा पोहोचतो. एका बाईची दाढ कोरत होतो. तिने किंचित मान हलवली, मला हात मागे घ्यायचा होता आणि तो आला नाही. जिभेला टोक लागलं, थोडंसंच. ती म्हणाली, "असू दे डॉक्टर, होतं असं." मला माहीत आहे, होत नाही असं. त्या संध्याकाळी कुलूप लावलं.

चाललो की पाय अडखळतो, दुकानदार सावरायला धावतात. पण सायकलच्या हँडलवर दोन्ही मुठी आवळल्या की हात हलत नाही, ताई. पाय गोल फिरतात, अडखळत नाहीत. मेंदूच्या डॉक्टरांनीच म्हटलं, फिरवा, जेवढं जमेल तेवढं फिरवा. पहिल्या दिवशी दोन चौक गेलो आणि रस्त्याच्या कडेला थांबून हसत बसलो. लोकांना वेड लागलेला वाटलो असेन.

मग क्लब का? आता ऐक, कारण हे तुला नक्की चुकीचं कळणार. घरात धाकटी माझा कप अर्धा भरते, सांडू नये म्हणून, आणि मला दिसणार नाही अशा बेताने भरते. मुलगी फोनवर माझ्याशी बाळाशी बोलावं तसं बोलते. वकिलाला आणि त्याच्या लोकांना काही माहीत नव्हतं. त्यांनी मला शेपूट म्हटलं, शिव्या घातल्या, टाकून पुढे गेले. धडधाकट माणसाचा करावा तसा तिरस्कार केला त्यांनी माझा. तो मला हवा होता. त्यासाठी मी रविवारची वाट पाहायचो.

आणि तुझ्या पत्रांची. तुला सांगितलं नाही ते म्हणूनच. आता तूही गोड लिहायला लागलीस तर पत्र न वाचता फाडीन.

छोट्या


१६ मार्च

वकीलसाहेब,

माझा भाऊ पीत नाही. त्याचे हात का हलतात हे सांगायची मला मुभा नाही. असती तरी तुम्हाला सांगितलं नसतं. ते ऐकण्याइतके तुम्ही कुणी नाही.

उत्तर पाठवू नये. तुमचा कागद जाड असतो, रद्दीतही नीट घडी होत नाही.

त्याची बहीण


१७ मार्च

छोट्या,

भिंग मिळालं नाही. दुकानातल्या मुलीकडून वाचून घ्यावं लागेल असं वाटलं, पण दार लावून एकटीनेच वाचलं. दिवस गेला त्यात. इतकं भिकार अक्षर कुणा डॉक्टरचंही नसतं.

गोड लिहायचा मला सराव नाही, तेव्हा काळजी करू नकोस. तू मूर्ख आहेस. वर्षभर मला मूर्खात काढलंस, त्या अर्थाने मीही आहे. मी इथे तुझ्या चड्डीवर विनोद करत होते आणि तू तिथे बायकोला मजकूर सांगत होतास, चष्म्याचा नंबर म्हणे! धाकटीला सांग, तिच्याशी मी स्वतंत्र भांडणार आहे. आणि कप पूर्ण भरायला सांग तिला. सांडला तर सांडला, टेबलक्लॉथ मी धुऊन देईन.

तुझं ते तिरस्काराचं तत्त्वज्ञान मला कळलं. पटलं नाही. तुला तिरस्कारच हवा असेल तर तो घरचा घे. माझ्याकडे भरपूर आहे, आणि मी तुला टाकून पुढे जात नाही. ज्या माणसाला तुझ्याबद्दल काही माहीत नाही त्याने हिणवलं, त्यात काय मोठेपण? मला तुझं सगळं माहीत आहे, आणि तरीही तू मला ध्यानच वाटतोस. याची किंमत कर.

आता ब्रेकचं बोल. उजवा हात कामाला उशिरा येतो, मग तो हात कामावरून काढ. माझ्या दुकानात एक इस्त्रीवाली आहे, तिचा एक खांदा उचलत नाही. तिच्यासाठी मी टेबल फिरवून घेतलं, तिला नाही फिरवलं. सायकलीचंही तसं काही होत असेलच. जा कुणाकडे तरी. नुसता घरी बसलास तर मी तिथे येईन आणि महिनाभर राहीन. ही धमकी समज.

ताई


२ एप्रिल

ताई,

धमकीचा परिणाम झाला.

सायकलवाल्याकडे गेलो. त्याला आजार सांगितला. पहिल्यांदाच कुणा परक्याला सांगितला. तो 'अरेरे' म्हणाला नाही. म्हणाला, "डावा चालतो ना? मग दोन्ही ब्रेक डाव्यालाच घेऊ." एकाच दांड्यात दोन तारा बसवल्या. एक दांडा दाबला की पुढचं-मागचं दोन्ही चाक धरतं. गिअरही डाव्या बाजूला आणले. उजव्या हाताला आता एकच काम, धरून राहायचं. ते तो मन लावून करतो.

क्लबमधून नाव काढल्याचा निरोप आला. सोबत असं की जर्सी क्लबची मालमत्ता आहे, स्वच्छ धुऊन परत करावी. धाकटीने गरम पाण्यात धुऊन, पिळून, वर कडक इस्त्री फिरवून पाठवली. आता ती वकिलाच्या नातवाला येईल.

एकटा जातो. मागून कुणी ओरडत नाही. पहिले दोन रविवार ते चुकल्यासारखं वाटलं. वारा सगळा माझ्याच छातीवर येतो, कुणाच्या पाठीमागे लपता येत नाही. पण थांबावंसं वाटलं की थांबतो. परवा एका पुलावर थांबून नुसतं पाणी बघत बसलो. टोळीबरोबर तो पूल इतक्यांदा ओलांडला, खाली नदी आहे हे मला माहीतच नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मोठा घाट चढायचा बेत आहे. टोळीबरोबर तो मी कधीच पूर्ण केला नाही. अर्ध्यातून परत यायचो आणि तुला लिहिताना वरच्या चहाची वर्णनं करायचो. धाकटी म्हणते, ताईंना बोलावू, गाडी करून वर जाऊन थांबू. मी म्हटलं, ती येऊन मला नावं ठेवेल. धाकटी म्हणाली, "म्हणूनच."

छोट्या


४ मे

ताई,

पोहोचलीस ना नीट? मांड्या अजून दुखतात. जिना उलटा उतरतो.

एक विचारायचं राहिलं. मी शेवटचं वळण घेऊन वर आलो तेव्हा वकील तुझ्यासमोर उभा होता. हेल्मेट काखेत, बाही वर केलेली, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यासारखा. मी टेकायच्या आत तो सायकलवर बसून उतरायलाही लागला होता, बाकीचे त्याच्या मागे. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. धाकटीला विचारलं, तर म्हणते ती गाडीतून डबा काढत होती.

तू त्याला सांगितलंस का? माझ्या आजाराचं? खरं सांग. सांगितलं असशील तर मला त्याच्या समोरून जाता यायचं नाही.

छोट्या


१२ मे

छोट्या,

सांगितलं नाही. इतका कमी विश्वास असेल तर पुढच्या वेळी वर मला बोलावू नकोस.

झालं ते असं. आम्ही गाडी लावून कठड्याशी उभ्या होतो. खालचा सगळा रस्ता तिथून दिसतो, वळणावर वळण. तू खूप खाली होतास, एक ठिपका. इतका सावकाश येत होतास की एकदा मला वाटलं तो मैलाचा दगड आहे, तू नाहीस. मग दगड हलला.

तेवढ्यात ती रंगीत टोळी वर आली. चहा घेत घड्याळं बघत होते, मिनिटांवरून वाद चालला होता. एकाने खाली पाहिलं आणि म्हणाला, "अरे, शेपूट येतंय!" सगळे हसले. मी म्हटलं, "ते शेपूट माझं आहे."

वकील पुढे आला. "तुम्हीच का त्या लाँड्रीवाल्या बाई?"

"हो. कोपर दाखवा."

"काय?"

"ज्या कोपरापायी माझ्या भावाला रस्त्यावर टाकून गेलात, तो कोपर दाखवा मला."

माणूस कोर्टात मोठमोठ्यांना गप्प करत असेल, पण बाही वर केली त्याने. का केली कुणास ठाऊक. नीट पाहिला. काही नव्हतं, ओरखड्याचा वणसुद्धा नव्हता. मी म्हटलं, "एवढंच? माझ्याकडच्या बायकांचे हात इस्त्रीने याहून जास्त रोज भाजतात, आणि त्या संध्याकाळपर्यंत कुणाला सांगतही नाहीत."

त्याच्या मागचा एकजण खोकला. हसू दाबल्याचा खोकला होता तो.

वकील म्हणाला, "बाई, तुमच्या भावाने या वयात हे सोडावं. त्याला झेपत नाही."

मी म्हटलं, "झेपत नाही हे खरं आहे. तरी येतोय. तुम्हाला झेपतं म्हणून तुम्ही येता. त्यात काय कौतुक करायचं?"

पुन्हा एकदा खाली पाहिलं त्याने. तू शेवटच्या वळणाला आला होतास, तोंड उघडं, मान खाली. त्याने चहा अर्धा ठेवला आणि निघाला. तेवढं तू पाहिलंस.

आता राहिलेलं, जे तू पाहिलं नाहीस. खाली ठिपका दिसल्यापासून मी मनात वाक्यं जुळवत होते. तू वर आलास की काय काय बोलायचं ते. बरीच चांगली होती. मग तू आलास. डाव्या हाताने ब्रेक दाबलास, सायकल थांबली, पाय टेकलास. चेहरा टोमॅटोसारखा. धाकटी डबा टाकून तुझ्याकडे धावली, तिचा दंड मी धरून ठेवला. तू पाण्याची बाटली काढलीस. उजव्या हाताने झाकण फिरवायला गेलास, फिरेना. डाव्याने गेलास, डावाही दमलेला. मी हात पुढे केला नाही. धाकटीचा दंड सोडला नाही, आता त्यावर माझ्या बोटांचे वळ असतील. मग तू बाटली तोंडाशी नेलीस, झाकण दाढेखाली धरलंस आणि कडकन उघडलंस.

दातांचा डॉक्टर! जन्मभर लोकांना दटावलंस, दातांनी काही उघडू नका म्हणून. भिंतीवर त्याचं चित्र लावलं होतंस. निर्लज्ज माणसा.

मी तोंड फिरवून दरीकडे बघत राहिले. तुला वाटलं असेल, ताई रागावली. धाकटीला वाटलं, रडतेय. दोघंही मूर्ख आहात. हसू आवरत नव्हतं मला, इतकं की कठडा धरावा लागला, आणि सगळी वाक्यं विसरले.

ताई